हजार पिंडींचं पाणी

आईला परदेशी देवाला नेण्यात जयराजचा फायदा काय, हे आष्ट्यात गल्लीनं त्याच्याआधीच ताडलं होतं. गावच्या विकास सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती आणि समोर हंबीरराव उभा होता. हंबीररावानं आदल्या वर्षी आईला काशीला नेलं, आल्यावर रिवाजाप्रमाणं मावंदं घातलं, म्हणजे काशीच्या गंगाजळाचा गडू पुजून गाव जेवायला बसवला. तेव्हापासून माणूस कसाही असो, "आईला मानतोय बघा" एवढ्यावर त्याचं पारडं जड झालं होतं. त्यावर तोड एकच, काशीपेक्षा लांबचा देव. जयराजनं कंबोडिया काढला. तिथं आपल्याच महादेवाची, विष्णूची शेकडो वर्षांपूर्वीची देवळं आहेत म्हटल्यावर विरोधकाला बोलायला जागाच उरत नाही. बायको संयोगिता आणि पुण्यात शिकणारी पोरगी शिवांजली यांना विमान मिळणार होतं, हॉटेल मिळणार होतं, फोटो मिळणार होते. देवाला दोघींची हरकत नव्हती.

जयराजच्या आईला, चंद्राबाईला, काय हवंय हे कुणी विचारलं नाही. तिला एकच हवं होतं. शेजारच्या राहीबाईचा नवरा तानाजीराव पलटणीतनं सुभेदार होऊन आलेला गडी, पण अंगावरनं वारं जाऊन लुळा झाल्यापासून अंथरुणात पडून होता. धड जगणं नाही आणि मरणही नाही.

"एकांद्या मोठ्या देवाचं पाणी तेंच्या तोंडात पडलं की जीव सुटंल बघ, चंद्रे," राहीबाई म्हणाली होती.

"तितं नदीच्या तळाला हजार पिंडी कोरल्यात म्हणं. तेंच्यावरनं वाहतंय पाणी. माज्या हातानं भरून आणती," चंद्राबाईनं शब्द दिला. "पैला घोट तुज्या मालकाला."

निघताना तिनं घासूनपुसून तांब्याचा गडू पिशवीत घेतला. बाकी सामान सुनेनं भरलं.

पहिल्या दिवशी मोठ्या देवळासमोर तिला नऊवारीत उभं केलं. जयराजनं आईचा हात धरला, खाली वाकून पाय धरले. उजेड नीट नव्हता म्हणून पुन्हा एकदा धरले. फोटो तिथूनच गावच्या ग्रुपवर गेला. त्यानंतर चंद्राबाईला झाडाखाली शहाळीवाल्याच्या खुर्चीवर बसवलं.

"आई, आत पायऱ्या लय हायत्या. तुमी हितंच दम खावा," संयोगिता म्हणाली.

"आतला देव कोन बगायचा?"

"आजी, मी व्हिडिओ काढते ना तुझ्यासाठी," शिवांजली म्हणाली. व्हिडिओ काढलाही तिनं. त्यात देव दोन ठिकाणी दिसत होता, तिच्या खांद्यामागं.

दुसऱ्या दिवसापासून तर तिला गाडीत घेणंही बंद झालं. घरनं आणलेली दशमी, शेंगाची चटणी आणि बाटलीभर पाणी तिच्या उशाशी ठेवून तिघं सकाळी बाहेर पडायची. ती रोज विचारायची, "नदी कवा हाय?" जयराज रोज म्हणायचा, "उद्या."

नदीचा दिवस उजाडला तेव्हा ती आंघोळ करून, बुक्का लावून, गडू मांडीवर घेऊन दाराशी बसली होती.

"आये, डोंगराव हाय ती. तुज्या गुडघ्यांचं काय करू?"

"पाठुंगळीला घे. मी तुला न्हेलाय की जोतिबाच्या डोंगराव."

जयराज हसला. संयोगिता हसली नाही. "आवं आई, शंभर माणसं बगत्याली. बरं दिसतंय का ते?"

मग चंद्राबाईनं गडू लेकाच्या हातात दिला. "पिंडीवरनं वाहतंय तितंच बुडीव. काठाचं नगं."

संध्याकाळी तिघं ओल्या कपड्यांनी परतली. धबधबा फार छान होता. गडू मात्र गाडीतच राहिला होता. कुणाच्या ध्यानातच आला नव्हता. जयराज तो घेऊन सरळ बाथरूममध्ये गेला आणि नळाखाली धरला. आई समोर पलंगावर जागी होती. तिच्यासाठी दार लोटून घ्यावं एवढीही त्याला गरज वाटली नाही.

"अरं, तानाजीरावाच्या तोंडात घालायचंय ते!"

"तेला काय कळतंय आता, आये?"

परतताना विमानतळावर तो गडू तपासणीत अडकला. हातातल्या पिशवीत एवढं पाणी चालत नाही, म्हणून तिथल्या पोरीनं तो ओतून रिकामा हातात दिला. पुढं पुण्याहून येताना खंबाटकीच्या अलीकडं जेवायला थांबले, तेव्हा हात धुवायच्या बेसिनवर जयराजनं आईच्या देखतच गडू पुन्हा भरला. कराडात डाग देणाऱ्याकडून काशीच्या गडूसारखं कथलानं तोंड बंद करून घेतलं.

"त्या बाथरूमचं निदान परदेशातलं तरी हुतं," संयोगिता म्हणाली. तेवढंच तिला वाईट वाटलं.

मावंद्याला हंबीररावाच्यापेक्षा मोठा मांडव पडला. चौरंगावर गडू, शेजारी हार घालून चंद्राबाई. बाया रांगेनं पाया पडत होत्या. "आवं आत्याबाई, देव कसा हुता?" चंद्राबाई म्हणायची, "लय मोटा." लेक मागंच उभा होता.

गडूचं तोंड फोडलं आणि राहीबाई चांदीची वाटी घेऊन पुढं आली. चंद्राबाईनं तिचं मनगट धरून तिला जवळ ओढलं.

"राहे, ह्ये नगं न्हेऊस. नळाचं हाय गं. वाटंतल्या हाटेलातल्या नळाचं. देवाची आन."

राहीबाईनं मनगट सोडवून घेतलं. डाग दिलेला गडू तिनं आत्ताच फुटताना बघितला होता. पाया पडणाऱ्या बायाही बघितल्या होत्या.

"द्यायचं नसंल तर तसं सांग, चंद्रे. हार पडल्याव शेजार नकोसा झाला व्हय?"

"न्हाई गं—"

"मराय टेकलेल्या माणसाला घोटभर पाणी जड झालं तुला."

रांग थांबली. जयराज पुढं झाला. त्यानं राहीबाईची वाटी घेतली, काठोकाठ भरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घ्या काकू. आईचं वय झालंय, ध्येनात ऱ्हात न्हाई तिच्या. सुभेदारांचा मान पैला." राहीबाईचे डोळे भरले. मांडवात दोघातिघांनी माना डोलावल्या. आईला मानतोच, पण शेजाऱ्यालाही धरून आहे.

तानाजीराव त्याच आठवड्यात गेला, आणि शांत गेला. आता नळाच्या पाण्यानं गेला की त्याची वेळ भरली होती, हे कोण सांगणार? राहीबाईनं मात्र सांगायचं ते सांगितलं. पाणी लागू पडलं, आणि ते चंद्रीनं नाकारलं होतं, जयराजनं दिलं.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. चंद्राबाई पिठलं-भाकरीची पाटी घेऊन गेली. राहीबाईनं पाटीला हात लावला नाही, तिच्याकडं तोंडही वळवलं नाही. भावजयीला म्हणाली, "बायांनी आणलंय तेवढं बास हाय. ही न्हे म्हणावं माघारी."

जयराज चेअरमन झाला. राहीबाईनं दुखवट्यातही उठून जाऊन त्याला मत दिलं. संयोगिता पुढच्या वर्षी बालीला जायचं म्हणते, तिथंही देवळं आहेत. तानाजीराव सुटला. राहीबाईला नवऱ्याच्या तोंडात तीर्थ पडल्याचं समाधान मिळालं, ते तिला जन्मभर पुरेल. प्रत्येकाच्या पदरात काही ना काही पडलं, आणि सगळ्यांची मिळून किंमत भरली ती एकट्या चंद्राबाईनं, खरं बोलून.