निगेटिव्हचे पेढे

नीराबाई जाऊन पाच वर्षं झाली, तरी श्रीवर्धनच्या त्या घरात दुपारची जेवणं आटपली की पडवीत अडकित्ता वाजायचा. कट्, कट्. सुचिताच्या या थोरल्या जावेची ती सवयच होती, जेवण झालं की सुपारी कातरायची. आता अडकित्ता ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, आणि आवाज पडवीत! सुचितानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय, कपाळ? पण बाई का येतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कोरोनाच्या साली बाईंच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट मोबाइलवर आला. लेक विनिता नोकरीपायी पनवेलला अडकलेली. घरात इंग्रजी वाचणारी एकटी सुचिता, तीही नववीपर्यंतची. तीन ठिकाणी 'निगेटिव्ह' दिसलं आणि तिनं उडीच मारली. त्या साली सगळं गाव याच एका शब्दासाठी देव पाण्यात घालून बसलं होतं! "बाई, सुटलात! निगेटिव्ह हाय!" आळीभर पेढे वाटले तिनं. तीन निगेटिव्ह म्हणजे हार्मोनची गोळी लागू पडत नाही, कीमो घ्यायची आणि लगेच घ्यायची, हे तिला कोण सांगणार? बाई डॉक्टरकडे गेल्याच नाहीत. वर्षाच्या आत सगळं आटपलं. पुढे कुणाच्या तरी तोंडून खरा अर्थ कळला, आणि त्याच दुपारपासून अडकित्ता सुरू झाला.

आणि आता सुचितालाच गाठ. ऑपरेशन झालं, टाके सुकले. अलिबागच्या डॉक्टरीणबाई तिला आणि विनिताला समोर बसवून म्हणाल्या, "मावशी, गाठ लहान होती, काखेत काही पसरलेलं नाही. आणि तुमची गाठ हार्मोन पॉझिटिव्ह आहे, म्हणजे गोळी लागू पडते. रोज एक, निदान पाच वर्षं. कीमोही देता येईल, पण तुमच्यासारख्या शंभरजणींत जेमतेम एखाददुसरीला तिचा जास्तीचा फायदा. त्रास मात्र बहुतेकींना."

"कीमोच द्या," सुचिता म्हणाली.

"घाई नको. सोमवारी सांगा."

दोघी घरी आल्या. पडवीत चप्पल काढली आणि विनिता उसळली. "काकी, डोकं फिरलंय काय तुझं? केस जातील, उलट्या होतील. कशापायी?"

"तुझ्या आयशीला मी मारलं, म्हणून!"

सुचितानं मग सगळं ओकून टाकलं. तीन निगेटिव्ह, पेढे, आळीभर मिरवलेलं शहाणपण. तिला वाटलं, आता ही पोर आपलं तोंडही बघणार नाही.

विनिता उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "आईला ठाऊक होतं, काकी. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी फोन करून तिला सगळं समजावलं होतं. तिनं शेवटच्या आठवड्यात मला सांगितलं आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली. शेजारच्या गोदूमावशीचे कीमोतले हाल तिनं पाह्यले होते, धसकाच घेतला होता. म्हणाली, 'सुचितानं पेढे वाटले ते बरं झालं. कुणी मागं लागलं न्हाय.'"

सुचिताला हसावं की रडावं कळेना. "म्हंजे बाई माझ्या पेढ्यांआड लपल्या?" असं म्हणाली आणि ढसाढसा रडली. इतकी वर्षं तिनं जिवाला घोर लावून घेतला होता. राग आला तिला, मेलेल्या माणसाचा यावा तेवढा राग.

"ती भ्यायली म्हणून कीमोला गेली नाही," विनिता म्हणाली, "आणि तू शिक्षा म्हणून जातेस. औषध हाय ना ते?"

सोमवारी सुचितानं गोळी मागून घेतली.

मंगळवारी जेवण झालं. गोळी तळहातावर, पाण्याचा तांब्या शेजारी. पडवीत शुकशुकाट. तिनं वाट पाहिली. अडकित्ता काही वाजेना.

"बाई," ती रिकाम्या पडवीला म्हणाली, "तुमच्यावर रागावलेय मी, ते वायलं. पण ही गोळी पाच वर्षं रोज घ्यायचीय, आणि माझ्या कुठलं ध्यानात राहतंय? तेवढं वाजवत जा."

ती तांब्या हातात धरून बसून राहिली.

कट्.

सुचितानं गोळी तोंडात टाकली.