वीतभर आखूड

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. मिठागरात मीठ ओढायच्या फावड्याचा दांडा. माझ्या पुढची फळी कितीतरी वेळा बदलली, मी मात्र तोच आहे. तेव्हा ही गोष्ट सांगण्याचा मान माझाच.

मला घडवले मीठ पिकवणाऱ्या एका उंच, हडकुळ्या माणसाने. सगळे त्याला ताडमाड म्हणत. समुद्राचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हात आटू द्यायचे आणि तळाशी मिठाचे खडे धरले की ते हलक्या हाताने ओढून बांधावर आणायचे, हे आमचे काम. जास्त जोर केला तर खालची माती उठते आणि मीठ मळते. आमचे मीठ पांढरेशुभ्र निघे. लोक कौतुक त्याचे करीत, माझे कोणी करीत नसे. असो.

एका वर्षी ऐन हंगामात ताडमाडच्या तळव्यात शिंपला घुसला. जखमेवर मीठ म्हणजे काय, ते त्याला विचारावे! मग त्याची बायको मला घेऊन वाफ्यात उतरली. ती बेताच्या उंचीची. दर वेळी मला मागे ओढले की माझे टोक तिच्या बरगडीत बसे. संध्याकाळी ती कूस चोळत बसलेली त्याने पाहिली. सकाळी तो करवत घेऊन बसला.

"अहो, कापू नका! पाय बरा झाला की तुम्हालाच लागेल ना?"

"दांडा दुसरा मिळेल. बरगडी कुठून आणू?"

त्याने मला वीतभर कापले आणि टोक घासून गोल केले. मला राग आला होता, खोटे कशाला सांगू!

पाय बरा झाला, पण ती काही घरी बसली नाही. दोघे आळीपाळीने मला ओढू लागले. ती ताठ उभी राहून, तो कमरेत वाकून. "नवा दांडा करा की," असे ती म्हणाली की तो हसे. "अगं, मला वाकता येतं. तुला थोडंच वाढता येणार आहे?" माझा राग तेव्हाच गेला.

पुढे मिठागर बंद पडले. ताडमाडही गेला. मी मोरीच्या दारामागे पडून राहिलो. मग जुन्या मिठाच्या गोदामात संग्रहालय उभे राहू लागले आणि आजीने, म्हणजे त्याच बायकोने, मला तिथे दिले.

संग्रहालयाच्या बाई मायाळू. त्यांना वाटले, बिचारा मोडलाय. त्यांनी सुतारकाकांना बोलावले. काकांनी माप बघायला माझ्या टोकाला एक नवा तुकडा सुतळीने बांधला. आता माझे गोल टोक सपाट कापायचे आणि तुकडा सरसाने चिकटवायचा, असे ठरले. मी ओरडणार कसा?

तेवढ्यात आजी मला बघायला आली. बाईंनी हौसेने मला तिच्या हातात दिले. तिने सवयीने मला मागे ओढले, आणि तुकडा थेट तिच्या बरगडीत बसला.

"आजी, लागलं का हो?"

आजीच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ती हसतही होती. "हा मोडलेला नाही गं. माझ्यासाठी कापलाय." आणि ती सगळे सांगू लागली.

बाईंनी जीभ चावली. "काका, सुतळी सोडा."

"सोडतो. पण आधी आजींची गोष्ट पुरी होऊ द्या," काका म्हणाले. त्यांनी करवत केव्हाच पिशवीत टाकली होती.

मित्रांनो, खाल्ल्या मिठाला जागावे म्हणतात. माझ्या तर अंगात मीठ मुरले आहे, म्हणून एवढेच मागतो. जुनी वस्तू नीट करायला घ्याल, तेव्हा ती अशी का झाली हे तिच्या घरच्या माणसांना आधी विचारा.

आता मी काचेबाहेर आहे, कोणीही मला धरून बघावे. लहान मुले मला ताठ उभी राहून ओढतात. उंच माणसांना मात्र कमरेत वाकावे लागते. आजी अधूनमधून येते, दाराजवळच्या बाकावर बसते आणि वाकलेल्यांकडे बघत राहते.

"असेच," ती बाईंना म्हणते, "अगदी असेच वाकायचे ते."