मास्तरांची चौथी पायरी

बसा. त्या बाकड्याचा डावा पाय लुळा आहे, जरा उजवीकडं सरका. वायर जोडून घ्यायला आलात ना? मिळेल, मिळेल. पण आमच्या आळीत एक गोष्ट ऐकल्याबिगर कुणाला वायर देत नाहीत. चहा गार होईस्तोवर संपते. गोष्ट भीतीची आहे, आधीच सांगतो. मी तुकुयूच्या या चढउतारांवर मोटारसायकलनं भाडी मारतो. एकदा चहाच्या मळ्याच्या उतारावर ब्रेक गेले होते, तेव्हाही हसत होतो. पण त्या दुपारी शाळेच्या फाटकापाशी मला हसू आलं नाही.

तर ऐका. ही वर टेकडीवर इंटरनेटची छत्री दिसते ना, ती चार घरांनी मिळून घेतली. त्यात ल्वितिको मास्तर पुढं. छत्रीपासून घरोघर वायर नेली. एका घरातला सिनेमा दुसऱ्या घरातल्या टीव्हीवर दिसायला लागला, पोरांचे धडे, चर्चमधली गाणी, लग्नाचे फोटो, सगळं इकडून तिकडं. पण हे जोडायचं कसं? त्यासाठी मास्तरांनी एक पान केलं. वायर जोडली की कॉम्प्युटरवर ते पान आपोआप उघडतं. त्यात पायऱ्या लिहिलेल्या. पहिली ही कर, दुसरी ती कर. ज्याला जे कळलं त्यानं ते लिहायचं आणि खाली आपलं नाव घालायचं. आळीचं पान, आळीनं लिहिलेलं.

चौथी पायरी मास्तरांची स्वतःची. ‘फोल्डर सर्वांना उघडा ठेवा. पासवर्ड घालू नका. आपल्या आळीत चोर कोण आहे?’ खाली नाव, ल्वितिको.

तेव्हा ते खरंच होतं हो. चार घरं, चारी घरांत एकाच केळीचा घड जायचा. मग मास्तर गेले. चाराची एकतीस घरं झाली. भाडेकरू आले. खाली बसथांब्याजवळचं लॉजसुद्धा छत्रीत भागीदार झालं. आणि चौथी पायरी तिथंच. कारण आमच्याकडं थोरल्या माणसाचं बोलणं तोडत नाहीत. त्यात थोरला मेलेला असेल तर मग बोलायलाच नको. मेलेल्या मास्तरांच्या ओळीवर काट कोण मारणार?

ती काट इप्याना मारू शकला असता. इप्याना म्हणजे आमचा फुंडी, टीव्ही, फोन, कॉम्प्युटर सगळं दुरुस्त करणारा. पानाची राखण त्याच्याकडंच होती. त्याला ती चूक त्या दुपारच्या सहा महिने आधी कळली होती. स्वतःच्या घरी त्यानं गुपचूप पासवर्ड घातला. पानाला मात्र हात लावला नाही.

आता अतुपेलेचं सांगतो. ती दोन पोरं घेऊन आपल्या मावशीकडं आली, त्या दुपारच्या सातएक महिने आधी. आळीत तिला सगळे बुपेची आई म्हणायचे, थोरल्या पोरीच्या नावानं, आमची तशी रीतच आहे. ती इस्त्रीसुद्धा हातात धरायची नाही. शिवणकाम करणारी बाई, आणि कपड्यांना इस्त्री मावशी करायची. का, ते तिच्या उजव्या दंडावर दिसायचं. नवऱ्यानं तापलेली इस्त्री टेकवली होती. तिथून ती पळाली.

आळीला सगळं ठाऊक. आणि आळी बोलली नाही, बरं का! एक दिवस तो नवरा तिला शोधत बाजारात आला. चांगले कपडे, गोड बोलणं. बटाटेवालीला विचारलं, बससाठी थांबलेल्यांना विचारलं, मलासुद्धा विचारलं. कुणी ताकास तूर लागू दिली नाही. बटाटेवाली तर म्हणाली, “अतुपेले? ते काय, खताचं नाव आहे का?” आम्ही आपले छाती फुगवून हिंडत होतो. तो लॉजवर एक रात्र राहिला. सकाळी सीमेकडं जाणार, असं म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉजचा टीव्ही बिघडला म्हणून इप्यानाला बोलावणं आलं. मीच त्याला सोडायला गेलो होतो. त्यानं टीव्ही चालू केला, आळीतले फोल्डर एकाखाली एक दिसायला लागले. त्यात एक ‘बुपेची आई, शिवण’. बाईनं गिऱ्हाइकांना ब्लाउजचे नमुने दिसावेत म्हणून ठेवलेला. इप्यानानं उघडला. नमुने होते. आणि त्यांच्या खाली बुपेचा फोटो, नव्या गणवेशातला. खाली धाकट्या ग्वाकिसाचं दवाखान्याचं कार्ड. खाली शाळेच्या प्रवेशाचा कागद, शाळेच्या नावासकट. पानावर लिहिलं होतं तसंच बाईनं केलं होतं. सगळा फोल्डर, सगळ्यांना उघडा.

लॉजची बाई फडकं मारत होती. ती सहज म्हणाली, “अरे, हा फोटो! काल त्या पाहुण्यानंपण हाच लावला होता. किती वेळ बघत बसला. टीव्हीपुढं फोन धरून फोटोचा फोटो काढला त्यानं. मला वाटलं, पोरांची माया असेल.”

इप्यानाच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला.

“कुठाय तो?”

“जेवून गेला की. शाळा किती वाजता सुटते, ते विचारत होता.”

इप्याना पळत बाहेर आला. तोंड राखेसारखं. “शाळा! चालव!” एवढंच म्हणाला. चढावर गाडी कण्हत होती आणि मागं बसून हा माणूस माझ्या सदऱ्याचा बोळा करत होता. “मला दिसलं होतं,” असं सारखं पुटपुटत होता. मला वाटलं, नवरा दिसला होता म्हणतोय.

फाटकाशी तो उभाच होता. हातात मांदाझीची, त्या तळलेल्या गोड पावांची, पुडी. फाटकावरच्या बाईशी हसून बोलत होता. इप्यानानं मला कोपऱ्यातच थांबवलं. “मी मागनं, स्वैपाकघराच्या बाजूनं आत जातो. तू त्याला अडकवून ठेव.”

“मी? काय बोलू त्याच्याशी?”

“तुझं तोंड कधी बंद असतं का? बोल काहीतरी!”

गेलो. “साहेब, गाडी हवी का? सीमेपर्यंत सोडतो, स्वस्तात.”

“नको. पोरांना न्यायला आलोय.” त्यानं फोन माझ्या नाकासमोर धरला. टीव्हीच्या काचेतली बुपे, दोन वेण्या, हसणारी. “माझी मुलगी. ओळखतोस?”

मी फोनकडं नीट बघितलंच नाही. म्हटलं, “सगळ्या पोरी सारख्याच दिसतात, साहेब. गणवेश एकच ना.”

तो हसला. मग त्यानं पुडीतली एक मांदाझी मला दिली. मी घेतली, काय करणार? हातात धरून उभा राहिलो. तेल बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. तो मवाळ आवाजात म्हणाला, “तू काल म्हणालास, अतुपेले नावाची बाई इथं कुणी नाही. आठवतं ना?”

घंटा झाली. पोरांचा लोंढा फाटकातून बाहेर आला. तो एकेका तोंडाकडं बघत होता. शांतपणे, तांदूळ निवडावेत तसा. मीही बघत होतो, आणि दोन वेण्यांच्या दर पोरीला मनात म्हणत होतो, ही नसू दे. शंभर गेली, दोनशे गेली. शेवटी एक लंगडी घालणारं पोर गेलं आणि फाटक रिकामं झालं.

मुख्याध्यापक बाई बाहेर आल्या. हात मागं बांधलेले. म्हणाल्या, “तुम्ही म्हणता ती मुलं आमच्याकडं येत नाहीत आता.”

तो काही ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं! पुडीचं तोंड नीट दुमडून ती खिशात ठेवली. “मला घाई नाही,” म्हणाला. “उद्या येतो. परवाही येतो.” आणि चालत निघून गेला.

पोरं तोवर स्वैपाकघराच्या दारानं, चहाच्या मळ्यातनं, इप्यानाच्या हाताला धरून मास्तरांच्या घरी पोचली होती. तिथं तुपोकिग्वे आजी, म्हणजे मास्तरांची बायको. तिनं दाराला अडसर घातला आणि उकडलेली केळी पुढं केली. ग्वाकिसा खात होता. बुपे नाही. तिनं एकच विचारलं, “बाबांना कुणी सांगितलं?”

आजीनं तिचं ताट आणखी जवळ सरकवलं.

अतुपेले आली. पोलीस ठाण्यात बायकांच्या तक्रारी घेणारी एक बाई सोबत होती. तिनं सगळं लिहून घेतलं, दुसऱ्या जिल्ह्यात सुरक्षित जागा आहे म्हणाली, गाडी तासाभरात निघते म्हणाली. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. शिवणयंत्र गाडीत मावत नव्हतं. तिच्या शिवणाच्या दुकानाची पाटी अर्धीच रंगवून झाली होती.

इप्याना भिंतीशी उभा होता. त्यानं आपणहून तोंड उघडलं. “ताई, पानावरची चौथी पायरी चूक होती.”

“मी त्यातलं अक्षरन् अक्षर पाळलं,” ती म्हणाली. “वाटलं, आळीनं लिहिलंय.” मग तिनं त्याच्याकडं बघितलं. “चूक आहे हे तुला आज कळलं का?”

खोटं बोलणं सोपं होतं. इप्याना म्हणाला, “नाही. सहा महिन्यांपूर्वी.”

तिनं पोरांना स्वेटर घातले, आजीच्या पाया पडली, आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर इप्याना निदान जेवला असता त्या दिवशी.

संध्याकाळी आळी जमली. कुरकुर सुरू. एक म्हणतो, काम चालत होतं, हात कशाला लावायचा? दुसरा म्हणतो, मला दिसलं असतं तर मी सांगितलं असतं. तिसरा म्हणतो, मास्तरांचा शब्द आहे बाबा.

आजी काठी आपटत उठली. “मास्तरांचा शब्द! अरे, माझ्या नवऱ्यानं ओढ्यावर लाकडी पूल घातला होता. त्याची एक फळी कुजली तेव्हा काय केलंत? मास्तरांनी बसवली म्हणून तशीच ठेवलीत?”

“नाही आजी. बदलली.”

“का?”

“पोरं पडली असती.”

“मग इथं काय झालं रे, गाढवांनो! कुजलेली फळी दिसते, स्वतः उडी मारून पलीकडं जाता, आणि मागनं येणाऱ्या बाईला सांगत नाही! याला मान म्हणता? ही भीती आहे. लोक काय म्हणतील, त्याची भीती. आणि तुमच्या त्या भीतीपायी ती बाई खऱ्या भीतीत गेली!”

इप्याना रडत होता, दाढीवाला गडी. आजीनं त्याला कॉम्प्युटर आणायला लावलं. “मला बटण दाखव. पुसायचं कुठलं?” त्यानं दाखवलं. त्रेचाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याची ओळ तिनं एका बोटानं, एकेक अक्षर करत पुसली. बराच वेळ लागला. मग नवी सांगितली, ‘फोल्डरला पासवर्ड घाला, दाखवायचं तेवढंच उघडं ठेवा,’ आणि ती इप्यानानं लिहिली. खाली दोन नावं आली. ‘आधी ल्वितिकोनं लिहिली. दिवस बदलले म्हणून तुपोकिग्वेनं बदलली.’

तेव्हापासून आमचा नेम आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्च सुटलं की अ‍ॅव्होकॅडोच्या झाडाखाली पान मोठ्यानं वाचायचं, पहिल्या ओळीपासून. आणि तपासायला माझ्यासारखा अडाणी बसवायचा. मला जे कळलं नाही, ते चुकलं असं धरायचं. तिसरी यत्ता पास माणसाला असा मान तुमच्या गावात कोण देतं?

अतुपेले बरी आहे. शिवणयंत्र इप्यानानंच नेऊन दिलं, पोलीसबाईंच्या हाती. जागा कुठली ते त्यानं विचारलं नाही, आम्हीही विचारत नाही. ती परत काही आली नाही.

तर बाबांनो, बायांनो, सगळ्यांसाठी लिहिलेलं कधी एकदाच लिहून होत नाही. ज्याला चूक दिसली, त्याच्या गळ्यात ती पडली. गप्प बसलात तर पुढं जे होईल त्याखाली तुमचंही नाव लागतं, लिहिलेलं असो वा नसो.

चहा संपला? मग हा घ्या कागद, आजच्या पानाची नक्कल आहे. तुम्ही नवे आहात, तुमची नजर ताजी आहे. चौथी पायरी मला मोठ्यानं वाचून दाखवा. आणि जिथं अडाल, तिथं बोट ठेवा. लाजू नका, आमचा मान जात नाही. वाचा.