बंकटची मिशी

"फूल आलं तर तू अर्धी मिशी काढायची, न्हाई आलं तर मी. भर चौकात!" बंकटनं माझ्या हातावर टाळी दिली.

गल्लीभर गाजलेली ही पैज होती शेजारच्या दीपमाला मॅडमच्या निवडुंगावर. दारातल्या कुंडीत गोल, सोनेरी काट्यांचा, मांजर बसल्यासारखा. मॅडम कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, उभी हयात निवडुंगात गेली. हा त्यांनी तरुणपणी बी पेरून वाढवलेला. त्या रिटायर झाल्या अन् कॉलेजनं त्यांचं काचघर पाडून गाड्यांना शेड बांधलं. त्यातून एवढाच वाचला. घाटनांदूरच्या आमच्या गल्लीतल्या बाया म्हणायच्या, दारात काटे, घरात भांडणं. मॅडम म्हणायच्या, "भांडायला घरात आहे कोण?"

या उन्हाळ्यात त्याच्या डोक्यावर पहिल्यांदाच कळ्या धरल्या. तेवढ्यात मॅडम पंधरा दिवस पुण्याला व्याख्यानांना गेल्या. बंकटला सांगून गेल्या, "शेळ्या येऊ देऊ नकोस, बस."

परत आल्या, बॅग खांद्यावरच ठेवून कुंडीपाशी बसल्या. बोट लावलं, ते आतच गेलं. कळ्या काळ्या पडलेल्या.

"पाणी कुणी घातलं?"

मी आतून खूश. जिंकलो ना!

बंकट म्हणाला, "मी, मॅडम. रोज बादलीभर. टँकरचं, आमच्या वाट्याचं. लेकरांच्या आंघोळी बंद केल्या, पन ह्याला पाजलं."

"पाजलं?" मॅडम ताडकन उठल्या. "प्रिन्सिपल म्हणायचा, काट्यांवर कसली पीएचडी करता, ज्वारीवर करा! पोरं काटेवाली बाई म्हणायची. सगळं ऐकून घेतलं. जन्मभर एकच शिकवलं, हा तहानेनं मरत नाही, पाण्यानं मरतो. अन् माझ्या शेजाऱ्याला ते माहीत नाही!" मग माझ्याकडं वळल्या. "अन् तू, विलास? दात काय काढतोस? पैज लावायला माझंच झाड सापडलं?"

मी दात झाकले.

तरी दुसऱ्या दिवशी मी चौकात हलगीवाला आणलाच. पैज ती पैज! बंकट धुळाजीच्या खुर्चीत बसला. धुळाजीनं वस्तरा परजला. "डावी का उजवी बे?"

"पुरी काढ."

हलगी थांबली. घरचं माणूस गेल्याशिवाय आमच्याकडं कुणी पुरी मिशी उतरवत नाही.

मॅडम समोर भाजीच्या गाड्याशी उभ्या होत्या. जवळ आल्या नाहीत, गेल्याही नाहीत.

एसटीतून उतरलेला त्रिंबकनाना थबकला. "बंकट, कोन गेलं रं?"

बंकटनं मान हलू दिली नाही.

"मॅडमच्या घरचं, नाना."