सुईच्या जोडीची शिशी

मी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची शिशी बोलतेय. तपकिरी काचेची, पत्र्याच्या झाकणाची. जन्म कुठल्याशा कारखान्यातला. पण माझं खरं आयुष्य सुरू झालं ते १९५५ साली, गोंदियातल्या एका डॉक्टरांच्या टेबलावर.

समोर कामठ्याचा खुशाल बसला होता. पाच एकर धानाचा धनी, तोंडाचा फटकळ. त्याला मधुमेह झाला होता आणि पायांत झिणझिण्या येत. डॉक्टरांनी इन्सुलिन दिलं, सुई टोचायला त्याच्या बायकोला, अनुसयाबाईला, शिकवलं आणि मग मला पुढे सरकवलं.

"ये गोली बस झुनझुनी के लिए है. असली दवाई सुई है. सुई मत छोड़ना."

दोघांनीही ऐकलं. हे मी शपथेवर सांगेन.

घरी इन्सुलिनला ओल्या वाळूच्या मडक्यात गारवा मिळाला, मला मागल्या दाराजवळची फळी. तिथून सगळी सांदवाडी, म्हणजे घरामागचं परसू, दिसायची. खुशाल सकाळी तिथे कुंपणाशी लघवीला जाई. माझ्या गोळीनं लघवी हळदीसारखी पिवळी होते, त्यात विशेष काही नाही. त्याला वाटलं, रोगच बाहेर पडतोय!

"पाह्य वो, कशी पिवळी जर्द! बिमारी निघून रायली. आता सुई कायले पायजे?"

धानाच्या रोवणीचे, लावणीचे दिवस. पहाटे चुलीवर सुई उकळत बसायला सवड कोणाला? तरी अनुसयाबाई म्हणाली, "डॉक्टर का म्हणे, याद आहे ना?"

"डॉक्टरचं का जाते बोलाले? सुई माह्या अंगात घुसते!"

सुई सुटली. झिणझिण्या जरा कमी झाल्या म्हणून तो गावभर माझे गोडवे गात फिरला. मी फुशारले. त्याची मला अजून लाज वाटते.

कुंपणाशी मात्र मुंग्यांची रांग लागे. लघवीत साखर असली की मुंग्या येतात, एवढं अख्ख्या गावाला ठाऊक. खुशाल शेतावर गेला की अनुसयाबाई गुपचूप तांब्याभर पाणी ओतून त्या धुऊन टाकी. नवरा खुशीत आहे, कशाला विरजण घाला! मी बघत होते. मला तोंड आहे, पण वाचा नाही.

धानाला लोंब्या निसवेपर्यंत तो सुकून काडी झाला. घागरभर पाणी पिऊनही तहान भागेना. एका दुपारी शुद्ध गेली, आणि बैलगाडी गोंदियाला पोचण्याआधीच सगळं संपलं.

तेव्हापासून हे घर खायला उठतं. सकाळ झाली की झाकणावर त्याच्या अंगठ्याचा दाब आल्याचा भास होतो. मी वाट बघते. झाकण हलत नाही. अनुसयाबाईही त्याच वेळी दचकून फळीकडे बघते. चार वर्षांत तिनं मला हात लावला नाही, फेकूनही दिलं नाही.

आज धाकटा दीर टेकचंद आला. त्यानं पाणी मागितलं, पुन्हा मागितलं, तिसऱ्यांदाही मागितलं.

"वहिनी, पाय झिणझिणून रायले. दादाची थे शिशी दे ना."

तिचा हात फळीवर आला. दिली आता, असं वाटून मी गारठले. पण मला मुठीत धरून ती खालीच बसली.

"मुंग्या येत होत्या, टेकचंद. रोज. म्या धुवून टाकल्या. कोणाले सांगतलं नाही." मग डोळे न पुसताच म्हणाली, "गाडी जुप. आत्ताच गोंदियाले जाऊ."

आता मी तिच्या ओच्यात आहे. डॉक्टर मला पुन्हा देतीलही. बाबांनो, द्या, पण सुईच्या जोडीला द्या. माझ्या एकटीच्या भरवशावर माणूस सोडू नका.

बैल हाकता हाकता, मागे न बघता टेकचंदनं विचारलं, "सुई घेतली असती, तं दादा वाचला असता का?"

"वाचला असता," अनुसयाबाई म्हणाली.