डावीकडे ओढणारी गाडी

सयाजीला गाडी पळवायची होती आणि मला ती थांबवायची होती. त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून वाजलं.

भवानी पेठेत आमचं ब्रेकचं दुकान आहे. अब्बांनी, म्हणजे मकदूम ब्रेकवाल्यांनी, चाळीस वर्षं ट्रकचे ब्रेक बांधले. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा हातोडी माझ्याकडे आली. पहिली दोन वर्षं लोक ‘बाई ब्रेक बांधते’ हे नुसतं बघायला यायचे. आता गाडी लावतात आणि निमूट चहा प्यायला जातात. अब्बा अजून रोज येतात, खुर्चीत बसतात आणि आवाजावरून माझ्या चुका काढतात.

सयाजी करकंबचा. घरचा ऊस, पण हा सोलापुरात सोलर पॅनेल बसवायचा धंदा करतो. पुण्याहून त्यानं एक जुनी, दोन सीटची, लालभडक स्पोर्ट्स कार आणली होती. इतकी बुटकी की आमच्या दुकानाची पायरी चढवायला फळ्या टाकाव्या लागल्या. इंजिन दांडगं, ब्रेक मात्र झिजलेले. सोबत त्यानं ऑनलाइन मागवलेला ब्रेक पॅडचा डबा होता.

“ताई, रेसमधे ह्योच माल वापरतात. ह्योच टाका. लई भारी हाय.”

“रेसमध्ये म्हैस आडवी येते का, सयाजीराव?”

तो हसला. मी हसले नाही. शर्यतीचा पॅड तापल्याशिवाय धरत नाही. तिथं दर वळणाला ब्रेक मारतात, पॅड तापलेलाच असतो. आपण मात्र वीस मिनिटं ब्रेकला पाय न लावता जातो आणि मग एकदम समोर उसाची ट्रॉली येते. रस्त्यावर पहिलाच ब्रेक लागावा लागतो, दुसऱ्याची वेळ येत नाही. हे सगळं मी त्याला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं डबा पुढं केला तेव्हा माझं डोकं फिरलं.

“हे पॅड मी टाकणार नाही. दुसरीकडून टाकून घ्या आणि मग मला मयतीलासुद्धा बोलावू नका.”

अब्बा खुर्चीत खोकले. ते हसताना खोकतात.

सयाजी दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, “तुमाला पटंल तसं करा.” मग मी बारा दिवस लावले. पुढं मोठ्या, खाचा पाडलेल्या डिस्क बसवल्या, त्यांना जोडीचे लाल कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून धरणारी पकड. पॅड रस्त्याचे. पाइप नवे, ब्रेक ऑइल नवं. पुढचे ब्रेक दांडगे झाले म्हणून मागच्यांनाही त्यांच्या तोडीचं केलं. पाइपांतली हवा तीन वेळा काढली. ट्रकवाल्या बाईनं स्पोर्ट्स कारला हात घातलाय म्हणून अख्खी पेठ डोळे लावून बसली होती आणि मी हट्टाला पेटले होते.

गाडी न्यायला सयाजी आईला घेऊन आला. सोनाबाई डोळ्याच्या डॉक्टरकडे आल्या होत्या. त्यांनी गाडीचा रंग बघितला नाही, कातडी सीट बघितली नाही. मला विचारलं, “ही थांबती का गं?”

पंधरा दिवसांत शंभर माणसांनी ती गाडी बघितली होती. किती पळते हे सगळ्यांनी विचारलं, थांबते का हे फक्त या बाईनं. मला ती तिथंच आवडली. मी पुढच्या चाकाजवळ उकिडवी बसले आणि आऱ्यांमधून बोट दाखवलं.

“मावशी, हे चकचकीत ताट दिसतंय? आणि ही लाल पकड? हीच तुमच्या पोराला थांबवणार. बाकी गाडी बिघडली तरी चालेल, एवढं जपायचं.”

सोनाबाईंनी वाकून बघितलं आणि चाकाला हात जोडले. मला गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोलू, आपल्या कामाला कुणी हात जोडले तर कुणाला वाईट वाटतं?

एकोणीस दिवसांनी ती गाडी टेम्पोवर चढून परत आली.

सयाजी टेम्पो थांबायच्या आधीच खाली उतरला. शर्टाला चिखल, कपाळावर खरचटलेलं. “तुमच्यावर भरवसा ठिवला व्हता, ताई!” तो गल्लीतच ओरडला. करकंबजवळ वळणावर उसाची ट्रॉली आडवी आली. त्यानं ब्रेक मारला. गाडी थांबायच्या ऐवजी डावीकडे ओढली गेली, रस्ता सोडून उसात घुसली आणि वीस फूट ऊस आडवा करून उभी राहिली. “ऊस व्हता म्हनून हाय मी. तितं हीर असती तर?”

टेम्पोच्या पुढच्या सीटवर सोनाबाई बसून होत्या.

माणसं जमली. कुणीतरी म्हणालंच, “ट्रकवाल्यांनी मोटारीला हात लावू नये.” ‘मकदूमच्या दुकानातला ब्रेक लागला नाही’ एवढं एक वाक्य गावात फिरलं की आमचं शटर खाली. पण खरं सांगते, त्या क्षणी मला दुकान आठवलं नाही. मला ती विहीर दिसत होती, जी तिथं नव्हती. माझ्या हातानं एक माणूस मेला असता. मी नाक ओढलं आणि ते अब्बांना खुर्चीतून ऐकू गेलं.

“पैले चाक खोल,” ते म्हणाले. “बाद में रो.”

मी डोळे पुसले. सयाजीला म्हटलं, “मला दोन तास द्या. चूक माझी निघाली तर इथंच उभी राहून सांगेन आणि परत कुठल्याच गाडीला हात लावणार नाही. ट्रकलाही नाही.”

अब्बांची मान वळली. दुकान त्यांचंही होतं.

गाडी डावीकडे ओढली म्हणजे उजव्या चाकानं धरलं नाही, हे पोरसोरही सांगेल. तरी मी आधी डावं चाक खोललं. स्वतःवरचा विश्वासच उडाला होता. डावं ठीक होतं. मग उजवं. प्रत्येक बोल्ट घट्ट केल्यावर मी पांढऱ्या रंगाची रेघ मारते. सगळ्या रेघा जागच्या जागी. पाइप कोरडा, पकड मोकळी, तेलात हवेचा बुडबुडा नाही. तास गेला. जे जे तपासलं ते बरोबर निघालं आणि मी जास्तच घाबरले. सगळं बरोबर असून ब्रेक लागत नसेल तर चूक बांधणाऱ्याच्या अकलेत असते.

मग डिस्कच्या खाचांत काहीतरी नारिंगी दिसलं.

“गंज हाय की,” सयाजी डोक्यावर उभा होता. “तुमची डिस्कच हलकी.”

रोजच्या गाडीच्या डिस्कवर गंज टिकत नाही, पहिल्या ब्रेकला पुसला जातो. आणि गंज बोटाला असा चिकटत नाही. मी बोट नाकाशी नेलं. करडईचं तेल. पॅड बाहेर काढला तर काळा पडून तुळतुळीत झालेला. आमच्या धंद्यात तेल लागलेला पॅड म्हणजे मेलेला पॅड.

“गाडीला कुणी हात लावला होता?”

“कुनीच न्हाय. म्या घरी साधं लिंबू बांधू देत न्हाय, रंगाला चरं पडत्यात. आईची शप्पत.”

आई त्याच्या मागं स्टुलावर बसली होती. शपथ ऐकून तिनं मान खाली घातली.

मला सगळं कळलं. आनंद इतका झाला की लाज वाटावी. अख्खी गल्ली जमलेली, पुरावा हातात, नुसता पॅड वर धरायचा होता आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणून सगळ्यांना सुनवायचं होतं. मी उठलेसुद्धा. तेवढ्यात सोनाबाईंनी वर बघितलं. त्या नजरेत पकडले गेल्याची भीती नव्हती. पोराला आपणच मारणार होतो, हे त्या बाईला नुकतंच समजायला लागलं होतं.

“सयाजीराव, सगळ्यांना चहा सांगून या,” मी म्हटलं. माझा आवाज ऐकून तो मुकाट्यानं गेला.

मी सोनाबाईंना आतल्या खोलीत नेलं. “मावशी, शेंदूर लावला?”

“आज अवस न्हवं का? पाटचं लावला. त्यो झोपला हुता.”

“अहो, टायरला लावायचा, बोनेटला लावायचा. आत कशाला हात घातला?”

“तूच दावलंस की,” त्या म्हणाल्या. “ह्योच थांबवतो म्हनलीस. ह्येलाच जपायचं म्हनलीस. मग म्या आनिक कुटं लावू? देवाला लावत्यात तसा तेलात कालवून लावला.”

सयाजीला मी तासभर सूचना दिल्या होत्या, या बाईला फक्त माझा मोठेपणा दाखवला होता. ब्रेकला तेल लागू द्यायचं नाही हे मी सहा वर्षांची असताना थप्पड खाऊन शिकले. सगळ्या जगानं ती थप्पड खाल्ली असेल असं मी धरून चालले होते.

“आणि एकाच चाकाला का?”

“दुसरं भिताडाला खेटून हुतं. हात पोचंना.”

हात पोचला असता तर गाडी डावीकडे ओढली गेलीच नसती. सरळ ट्रॉलीखाली गेली असती. हे मी त्यांना सांगितलं नाही. ब्रेकवाल्यानं खोटं बोलू नये म्हणतात, सगळं बोलावं असं कुणी म्हणत नाही.

“माज्या हातनं गेला असता की गं त्यो,” सोनाबाई रडायला लागल्या.

“तुमच्या आणि माझ्या,” मी म्हटलं. “पण आता त्याला सांगावं लागेल, मावशी. लपवलं तर उद्या आणखी कुणाच्या गाडीत हेच होईल.”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “तू नगं. म्या सांगती.”

आणि त्या बाहेर गेल्या. सयाजी चहाचे ग्लास घेऊन उभा होता. त्या गल्लीभर ऐकू जाईल असं बोलल्या, “हिच्या कामात खोट न्हाय. म्या त्या ताटाला तेल-शेंदूर लावला.”

“आये! तुला कितीदा सांगितलं—”

“वरडू नगंस. माजी शप्पत खाल्लीस, म्हनून गप बसवंना.”

मीही शब्द दिला होता. म्हणून मीही बोलले, “आणि तेल लावायचं नाही हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. अर्धी चूक माझी आहे.” जमलेल्या माणसांना यात फारशी मजा आली नाही, ती हळूहळू पांगली. सयाजी चहा न पिताच पायरीवर बसला. मग एक ग्लास त्यानं आईला दिला.

पॅडचा दुसरा सेट माझ्याकडे होता. दोन्ही बाजूंचे बदलले, डिस्क धुऊन पुसून कोरड्या केल्या. सोनाबाई स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि प्रत्येक चिंधी टाकण्याआधी हुंगून बघू लागल्या. तीन वाजता गाडी तयार झाली. पण नवा पॅड लगेच हवाली करता येत नाही. ऐंशीवर न्यायचं, दाबून दहावर आणायचं, परत ऐंशी. असं दहा वेळा केलं की पॅड आणि डिस्क एकमेकांना ओळखतात.

सयाजीनं किल्लीसाठी हात पुढं केला.

“तू न्हाय,” सोनाबाई म्हणाल्या. “ती चालवील. शेजारी म्या बसती.”

“आये, पोटातलं पानी हलंल तुजं.”

“हलूंदे.”

त्यांना त्या बुटक्या गाडीत बसवायला दोघं लागलो. अक्कलकोट रोडला गावाबाहेर मोकळा पट्टा आहे, तिथं नेली. “घट्ट धरा, मावशी.” ऐंशी झाले, मी पाय दाबला. सीटबेल्ट त्यांच्या खांद्यात रुतला, पदर डोक्यावरून पुढं आला. “मेले गं!” त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्यांदा ओरडल्या. तिसऱ्यांदा नुसते ओठ दाबले. गाडी सुतात चालली होती, ना डावीकडे ना उजवीकडे. पाचव्या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले.

दहा झाले. “बस, मावशी. झालं.”

“आनि एकदा.”

“पॅडला आता गरज नाही.”

“मला हाय.”

मी परत ऐंशी गाठले आणि आतापर्यंतचा सगळ्यात जोराचा ब्रेक मारला. गाडी रस्त्याच्या मधोमध, सरळ, जागच्या जागी उभी राहिली. सोनाबाईंनी समोरच्या काचेतून रस्ता शेवटपर्यंत बघून घेतला. मग डोक्यावर पदर ओढला.

“चल माघारी,” त्या म्हणाल्या. “आता माज्या पोराला बसव.”