परदेशी रॉकेटची आतली बाजू

अभिलेखागारात तीस वर्षं काढलेल्या माणसाला पुराव्याशिवाय स्वतःचा वाढदिवससुद्धा खरा वाटत नाही. त्यामुळे त्याचे वडील, अप्पा, पाहुण्यांना जेव्हा जेव्हा सांगत की ती लाल पत्र्याची खेळण्यातली रॉकेटं आपण कारखान्यात जोडायचो, तेव्हा तेव्हा हा रॉकेटच्या शेपटावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवी. अक्षरं परदेशी, देशही परदेशी. पाहुणे हसत. अप्पा चहाचं बघायला आत जात. पुढे त्यांनी सांगणंच सोडलं.

आता अप्पा ब्याऐंशीचे होते आणि रोज थोडं थोडं विसरत चालले होते. ताईचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा, फोन आला. "काल मला विचारत होते, बाई तुम्ही कोणाकडच्या? तुला त्यांच्याशी काही बोलायचं असेल तर लवकर ये. मागाहून शोकठराव मांडून उपयोग नाही."

बोलायचं तर होतं. पण माफी मागायची म्हणजे आधी चूक सिद्ध व्हायला हवी, ही त्याची शिस्त. जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्याने तसलं एक रॉकेट पैदा केलं आणि त्या कारखान्यातला एक हयात कारागीर शोधून काढला. म्हातारा हल्ली बादल्यांना बूड लावून देई.

"देश बाहेरून छापायचा असतो," रॉकेट हातात तोलत म्हातारा म्हणाला. "परदेशी म्हटलं की गिऱ्हाईक खूश. खरं काय ते आत. आम्ही तेलाचे रद्द डबे कापून वापरायचो, जुनी छपाई आतल्या अंगाला."

"मग उघडा की."

"उघडतो. पण आधी हे कान बघा." दोन अर्धुकांना धरून ठेवणारे पत्र्याचे इवले इवले कान त्याने दाखवले. "सगळे उलट्या बाजूला वळवलेत. डावखुऱ्याचं काम. आमच्यात डावखुरा एकच होता. तपासणीत ज्याचं रॉकेट उघडलं त्याला साहेब त्याच दिवशी घरी पाठवायचा, म्हणून तो प्रत्येक कान दोनदा दाबायचा. एवढं पुरे नाही?"

अप्पा डावखुरे होते. दुसऱ्या कुणालाही एवढं पुरलं असतं.

"आतलं बघू," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने सुस्कारा टाकून पक्कड उचलली. आत केसांच्या तेलाची जाहिरात करणारी एक बाई डोकं खाली करून हसत होती. तिच्या केसांशेजारी याच शहराचा पत्ता होता.

संध्याकाळी त्याने दोन्ही अर्धुकं अप्पांच्या मांडीवर ठेवली आणि वाटभर घोकलेलं बोलून टाकलं. "अप्पा, तुम्ही खरं सांगत होतात. मीच चुकलो. हे तुम्ही केलेलं आहे."

अप्पांनी डावा अंगठा उचकटलेल्या कानांवरून फिरवला. एकेका कानावरून, सावकाश. मग खुर्चीचे हात धरून ते धडपडत उभे राहिले.

"नाही साहेब. हे माझं नाही. माझं उघडत नाही. कुणालाही विचारा."

"अप्पा, मी आहे."

"घरी दोन पोरं आहेत साहेब. धाकटा अजून शाळेतही जात नाही."

दारात उभ्या ताईने पदराने तोंड दाबलं आणि ती आत वळली. अप्पा बसायला तयार नव्हते.

धाकट्याने अर्धुकं उचलून घेतली.

"बघितलं मी," तो म्हणाला. "हे तुमचं नाही. बसा. उद्या कामावर या."